दगड ठेवलात, तर पाटीही राहू द्या

प्रति,
नॅशनल पार्क सर्व्हिस आणि अमेरिकेच्या इंटिरियर खात्याचे अधिकारी यांस,

सादर नमस्कार.

याच मजकुराचं पत्र मी इंग्रजीत आपल्या पत्त्यावर पाठवलं आहे. मराठीत ते पुन्हा लिहिते आहे, कारण आपण सांभाळता त्या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत झालेल्या लढ्याच्या, रणभूमींवर दर उन्हाळ्यात आमची मराठी कुटुंबं येतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना गाडीत बसवून आणतात, तोफांजवळ फोटो काढतात, पाट्या वाचतात. त्यांतल्या बहुतेकांना हे युद्ध कळतं ते त्या पाट्यांवरूनच. आता त्या पाट्यांवर आलेलं संकट त्यांनाही माहीत असायला हवं.

अशा जागांवरच्या पाट्या तपासा आणि हटवलेले पुतळे परत आणा, असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश २७ मार्च २०२५ ला निघाला. मे महिन्यात त्याच्या अंमलबजावणीसाठी खात्याचा आदेश आला आणि जूनमध्ये देशभरातल्या राष्ट्रीय उद्यानांत नवे फलक लागले. गतकाळातल्या किंवा हयात अमेरिकनांबद्दल इथं कुठं नकारात्मक लिहिलेलं दिसलं, तर हा क्यूआर कोड वापरून आम्हाला कळवा, असं ते फलक सांगतात. मी तो फलक व्हर्जिनियातल्या एका रणभूमीवर पाहिला. जवळच्याच जुन्या पाटीवर त्या शेताच्या मालकाचं पूर्ण नाव होतं आणि तिथं राबणाऱ्या गुलामांची नुसती पहिली नावं. आडनाव एकालाही नव्हतं. मी बराच वेळ तिथं उभी होते. ही पाटी नकारात्मक म्हणायची का? म्हणायची, तर कोणाबद्दल? मालकाच्या मालकीची माणसं होती हे सांगणं हा त्याचा उपमर्द होत असेल, तर त्या माणसांची नावं पुसणं हा कोणाचा उपमर्द आहे?

मला या विषयात बोलायचा काय अधिकार, असं कोणी विचारेल. या युद्धात माझं कोणी लढलं नाही. पण माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि त्यांच्यामुळे अमेरिकेची यादवी आमच्या घरात फार आधीपासून होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो स्वार्थत्याग केला त्याबद्दलचा आदर म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी तुमचा कित्ता गिरवावा या इच्छेनं. दक्षिणेचा सेनापती जनरल ली यानं व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली ती ९ एप्रिल १८६५ ला. म्हणजे युद्ध संपल्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि पुण्यात बसलेल्या माणसाला ते कशासाठी झालं हे स्वच्छ कळलं होतं. बाबा ही अर्पणपत्रिका दर वर्षी वर्गात वाचून दाखवायचे. मी या देशाची नागरिक झाले त्या दिवशी मला तीच आठवली होती.

बाबा एकदाच अमेरिकेत आले. त्यांना गेटिसबर्ग, म्हणजे पेनसिल्व्हेनियातली १८६३ ची मोठी रणभूमी, पाहायचं होतं. तिथं तेराशेहून अधिक स्मारकं आणि खुणेचे दगड आहेत. रेजिमेंटची नावं, जनरलांचे घोडे, कोण कुठून आलं, किती पडले. दुपारपर्यंत चालून बाबा एका कठड्यावर बसले आणि म्हणाले, "अगं, ज्यांच्यापायी हे झालं, ती माणसं कुठायत यात?"

मी त्यांना सेमेटरी रिज या तिथल्या टेकडीवरच्या एका छोट्या पांढऱ्या घरापाशी नेलं. ते घर अब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं. बारा एकरांचं शेत. १८६३ च्या जूनमध्ये लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा ती वाटेत सापडतील त्या काळ्या माणसांना पकडून दक्षिणेत गुलाम म्हणून धाडत होती, जन्मानं स्वतंत्र असलेल्यांनासुद्धा. ब्रायन बायकामुलांना घेऊन पळाला. ३ जुलैला दक्षिणेच्या जनरल पिकेटचा प्रसिद्ध हल्ला आला तो त्याच्या शेतापर्यंत. परत येऊन पाहतो तर पीक तुडवलेलं, कुंपणं मोडलेली, घराला गोळ्यांची भोकं. त्यानं सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. मिळाले १५.

बाबा त्या घराकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि ते नाव लिहून घेतलं. ती वही आता माझ्याकडे आहे. माझा हक्क म्हणाल तर एवढाच.

आता तक्रारी. माझी सर्वांत मोठी तक्रार हार्पर्स फेरीच्या उदाहरणावरूनच सांगते, कारण तिथं आपल्याच खात्यानं एकेकाळी फार शहाणपणाचं काम केलेलं आहे.

युद्धाच्या आधी, १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राउननं हार्पर्स फेरी या गावातल्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. त्यात पहिला बळी गेला हेवर्ड शेपर्ड या रेल्वेत हमाली करणाऱ्या काळ्या माणसाचा. तो गुलाम नव्हता, स्वतंत्र होता. १९३१ मध्ये 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ही दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशातल्या स्त्रियांची संघटना आणि दक्षिणेच्या सैनिकांच्या मुलांची संघटना यांनी मिळून तिथं त्याच्या नावानं एक दगड बसवला. त्यावर शेपर्डला हजारो 'इमानी' काळ्या माणसांचा प्रतिनिधी करून टाकलं. त्याचं स्वतःचं मत काय होतं हे कोणीच विचारलं नव्हतं, आणि विचारायला तो जिवंतही नव्हता. दुसऱ्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या इतिहासकारानं त्याला सडेतोड उत्तर लिहिलं. पुढे हा दगड काही वर्षं झाकून ठेवलेला होता. १९९५ मध्ये पार्क सर्व्हिसनं तो उघडा केला आणि शेजारी एक पाटी लावली. दगड कोणी बसवला, का बसवला, शेपर्ड खरा कोण होता आणि ड्यू बॉइस काय म्हणाले, हे सगळं त्या पाटीनं सांगितलं.

इतिहासकार काय करतो हे कोणाला दाखवायचं असेल, तर मी त्याला त्या जागी उभं करीन. दगड १८५९ बद्दल फार थोडं सांगतो आणि १९३१ बद्दल पुष्कळ. पण हे कळायला पाटी लागते. स्मारक आपलं वय सांगत नाही. रिचमंडमधला, २०२१ मध्ये हटवलेला, लीचा भव्य पुतळा युद्ध संपल्यावर पंचवीस वर्षांनी, १८९० मध्ये उभा राहिला. गेटिसबर्गवरचं व्हर्जिनियाचं स्मारक १९१७ मधलं. बघणाऱ्याला मात्र वाटतं की हे सगळं लढाई संपल्याबरोबर शोक करणाऱ्यांनी उभारलं.

आपल्या आदेशानं याच दोन गोष्टींत भेद केला आहे. दगड आणि पुतळे जपायचे, हटवले असतील तर परत आणायचे. पाट्या मात्र तपासायच्या. दक्षिणेच्या फौजेतला ब्रिगेडियर जनरल अल्बर्ट पाइक याचा वॉशिंग्टनमधला पुतळा २०२० मध्ये निदर्शकांनी पाडला होता, तो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपण पुन्हा चौथऱ्यावर चढवलात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुलामगिरीविषयीच्या पाट्यांची फेरतपासणी चालू असल्याच्या आणि त्यांत हार्पर्स फेरीचंही नाव असल्याच्या बातम्या आल्या. पाटी गेली आणि दगड राहिला, तर १९३१ चं ते एकतर्फी बोलणं पुन्हा एकटंच उरेल. चौसष्ट वर्षांनी कोणीतरी त्याला उत्तर देण्याची सोय केली होती. ती काढून घेणं हा इतिहासातला दुरुस्तीचा प्रकार नाही. वादात एकाचं तोंड बांधणं आहे.

दुसरी तक्रार पद्धतीची. इतिहास बदलतो, बदललाच पाहिजे. पण कशानं बदलतो? यादवीत किती माणसं मेली हा आकडा शंभर वर्षांहून जास्त काळ ६,२०,००० असा छापला जात होता. तो मुळात युद्धात लढलेल्या उत्तरेकडच्या दोन माणसांनी कागदपत्रं चाळून काढलेला. २०११ मध्ये इतिहासकार जे. डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेचे आकडे घेतले, १८६० ते १८७० या दशकात किती तरुण पुरुष नेहमीपेक्षा जास्त नाहीसे झाले ते मोजलं, आणि आकडा साडेसात लाखांच्या आसपास गेला. पुढे जनगणनेच्या आणखी पूर्ण नोंदी हाती आल्यावर २०२४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तो सात लाखांच्या जवळ आणला. या सगळ्यात कोणी दुखावलं म्हणून एक माणूसही कमीजास्त झाला नाही. नवा पुरावा आला, मोजणी सुधारली. पाटीवरचा आकडा बदलायचा तर असा बदलतात.

युद्धाच्या कारणाचंही तेच. कारण गुलामगिरी नव्हे, राज्यांचे हक्क किंवा जकात, असं मला इथं अनेक सज्जन माणसांनी सांगितलं आहे. एका रणभूमीवर पैसे घेऊन फिरवणाऱ्या खाजगी गाइडनं बाबांनाही तेच सांगितलं. बाबांनी मला विचारलं, मूळ कागद काय म्हणतो? तो जुना शिक्षकी प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कोणालाही वाचता येण्यासारखं आहे. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला फुटून निघालं आणि त्यानंतर चारच दिवसांनी त्यानं आपली कारणं जाहीर केली. त्यात मुख्य गाऱ्हाणं असं, की उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत, त्यासाठी आपापले कायदे करतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला हीच तक्रार! मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच आहे, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानात म्हणाले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हा आमच्या नव्या सरकारचा कोनशिलेचा दगड आहे. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्सनी जाडजूड ग्रंथ लिहून मांडलं, की झगडा घटनेच्या अर्थाचा होता. माणूस तोच आणि विषयही तोच, फक्त आधी जिंकायची आशा होती आणि नंतर मागे वळून बघायची वेळ होती. दोन्ही वचनं समोर ठेवून त्यांच्या तारखा सांगणं हे इतिहासकाराचं काम. एका क्यूआर कोडवर आलेल्या शंभर तक्रारींना त्या तारखा बदलता येत नाहीत.

तिसरी गोष्ट मला तक्रार म्हणूनही सांगायची आहे आणि आठवण म्हणूनही. हे आधी झालेलं आहे. हरलेल्या दक्षिणेला उदात्त ठरवणारी 'लॉस्ट कॉज' नावाची कथा आपोआप पसरली नाही, ती नेमून पसरवली गेली. १९२० च्या सुमारास 'डॉटर्स'च्या इतिहासकार मिल्ड्रेड लुईस रदरफर्ड यांनी शाळेची पुस्तकं तपासायची एक मोजपट्टीच छापली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा, आणि वाचनालयात अशी पुस्तकं असतील तर त्यांवर 'दक्षिणेवर अन्याय करणारं' असा शिक्का मारा, असं तीत होतं. ती मोजपट्टी वाचून झाल्यावर तुमच्या फलकावरची वाक्यं पुन्हा वाचली, तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

यात इतिहासकारही निर्दोष नाहीत, हेही इथंच म्हटलं पाहिजे. कोलंबिया विद्यापीठातले इतिहासकार डनिंग यांच्या शिष्यांनी, पदव्या घेतलेल्या आणि तळटीपा देणाऱ्या विद्वानांनी, युद्धानंतर काळ्या माणसांना मत दिलं हीच चूक झाली असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये त्याविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला, तो मानायला या धंद्यानं आणखी तीसेक वर्षं घेतली. १९१३ मध्ये गेटिसबर्गला पन्नासावं वर्ष साजरं झालं, दोन्हीकडचे पन्नास हजारांहून जास्त म्हातारे सैनिक तंबूंत राहिले, एकमेकांचे हात हातात घेतले. राष्ट्राध्यक्ष विल्सन म्हणाले, भांडण विसरलं गेलं. भांडण कशाचं होतं ते मात्र त्या भाषणात नाही. त्याच वर्षी त्यांच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवणं सुरू झालं होतं.

अशा विसरण्याची किंमत किती असते याचं एक उदाहरण मला राहवत नाही म्हणून देते. १ मे १८६५ ला साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये, जिथं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात कैद झालेल्या उत्तरेच्या सैनिकांचा तळ होता, तिथं पुरून टाकलेल्या २५७ सैनिकांना नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी नीट कबरी दिल्या, भोवती कुंपण घातलं आणि सुमारे दहा हजार लोकांची मिरवणूक काढली. पुढे शाळेतली मुलं, हातात फुलं. अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या स्मृतिदिनांपैकी हा एक. शहरानं तो विसरून टाकला. १९९० च्या दशकात इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना तो हार्वर्डच्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडला. एवढा मोठा दिवस नाहीसा व्हायला कोणाला काही जाळावं लागलं नाही. तिथं कोणी पाटी लावली नाही, बस.

आणि तुम्ही स्वतः हे जाणत होतात. १९३३ मध्ये युद्धखात्याकडून रणभूमी आपल्याकडे आल्या तेव्हा तिथं रेजिमेंट कुठून कुठं सरकली एवढंच सांगितलं जायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्याच रणभूमींच्या अधीक्षकांनी एकत्र बसून ठरवलं, की माणसं का लढली हेही सांगायचं. २००० सालच्या खर्चाच्या कायद्यात काँग्रेसनं सांगितलं, की युद्ध घडवण्यात गुलामगिरीचा जो वाटा होता तो या जागांवर दाखवावा. गेटिसबर्गचं २००८ मधलं नवं संग्रहालय त्यातूनच आलं. त्याच्या तिकिटाच्या रांगेत बाबांनी माझा हात धरला होता. हे काम आपलं आहे. ते आपणच मोडू नये.

पूर्वजांचा अपमान होतो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. एका रणभूमीवर मला एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे खापरपणजोबा दक्षिणेकडून लढले आणि तिथंच पडले. "त्यांच्याकडे गुलाम नव्हता," ते म्हणाले, "पत्रं आहेत माझ्याकडे, आईची काळजी आणि पायातले फाटके बूट, एवढंच आहे त्यांत." खरंच आहे, दक्षिणेतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम नव्हते. मी त्यांना विचारलं, पाटीवर गुलामगिरीचं लिहिलंय ते तुम्हाला टोचतं का? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "टोचतं. पण तो कशासाठी मेला, हे मला कोणीतरी खरं सांगायला हवंय." त्यांनी क्यूआर कोडला हात लावला नाही.

त्या पाट्यांमागे काय कष्ट असतात ते लोकांनाही कळू द्या. उत्तरेच्या फौजेत सुमारे १,७९,००० काळे सैनिक होते. त्यांच्या विधवांनी पेन्शन मागितली तेव्हा लग्नाचा दाखला कुठून आणणार, गुलामांच्या लग्नाला कायदाच नव्हता. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन साक्षी दिल्या: कोणत्या मालकाच्या मळ्यावर ही दोघं एकत्र आली, पोरं किती झाली, कोणतं विकलं गेलं. त्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोणीतरी वर्षानुवर्षं त्या उघडून वाचतो, तेव्हा कुठं एका पाटीवर एका बाईचं नाव येतं, आडनावासकट. व्हर्जिनियातल्या फोर्ट मनरो या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्याच्या इतिहासात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड ही नावं आहेत. १८६१ च्या मे महिन्यात हे तिघं गुलामगिरीतून निसटून रात्री होडीनं किल्ल्यावर आले आणि तिथल्या जनरल बटलरनं त्यांना मालकाकडे परत द्यायला नकार दिला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा तेव्हा दीड वर्षाहून जास्त दूर होता. फुल्यांनी ज्या सदाचारी लोकांना पुस्तक अर्पण केलं, त्यांत मी या तिघांनाही धरते.

म्हणून माझं मागणं असं आहे. रणभूमीवरची कोणतीही पाटी केवळ तक्रार आली म्हणून उतरवू नका. तक्रार आली तर त्या जागेच्या इतिहासकाराला पुरावा तपासू द्या आणि त्याचं मत लेखी घ्या. बदल करायचाच झाला, तर जुना मजकूर, नवा मजकूर, कारण आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव लोकांसमोर ठेवा. अशी यादी मी शोधली, मला सापडली नाही. आजवर उतरवलेल्या पाट्या फेकू नका, त्यांचे फोटो आणि मजकूर अभिलेखागारात द्या. पुतळा किंवा दगड परत बसवाल, तिथं तो कोणी, कधी आणि का उभारला हे सांगणारी पाटीही त्याच दिवशी लावा. आणि हार्पर्स फेरीच्या त्या दगडाशेजारची पाटी कायम राहील, असं लेखी कळवा. शेवटची मागणी लहान आहे, पण तिच्यावरून मला बाकीच्यांचं उत्तर कळेल.

येत्या ऑक्टोबरमध्ये मी मुलीला घेऊन हार्पर्स फेरीला जाणार आहे. ती दहा वर्षांची आहे, मराठी वाचते, इंग्रजी त्याहून भराभर वाचते. बाबांची वही बरोबर असेल. दगडावर काय लिहिलंय ते ती वाचील, आणि मग शेजारी बघेल.

आपल्या उत्तराची वाट पाहत,
एक नागरिक, व्हर्जिनिया